पन्हेरीची वेबसाईट दर मृगाला गूगलवरून गायब: तक्रार एकच, कारणं तीन

रोहिणी नक्षत्र लागलं की माझा फोन वाजतो. शेंदुरजनाघाटाकडच्या एका पन्हेरीवाल्या, म्हणजे रोपवाटिकेवाल्या, काकाजींचा असतो. "भाऊ, आपली वेबसाईट गूगलवर दिसूनच नाई राहिली ना जी." मृग तोंडावर आलेला, संत्र्याच्या कलमा विकायचे दोन-अडीच महिने समोर, आणि नेमकी तेव्हाच वेबसाईट गायब. खरं तर ती आधीच गेलेली असते. वर्षभर कोणी पाहत नाही म्हणून कळत नाही, गिऱ्हाईक यायच्या दिवसांत कळतं.

मी वरुडात ऑनलाइन कामांचं दुकान चालवतो. सातबारा, पीकविम्याचे अर्ज, पॅन कार्ड, आणि सोबत चार-पाच धंद्यांच्या वेबसाईटची देखभाल. काकाजींची तक्रार लागोपाठ तीन वर्षं त्याच वाक्यात आली आणि तिन्ही वेळा कारण निराळं निघालं. दुसऱ्या वर्षी मी पहिल्या वर्षाचंच औषध डोक्यात धरून बसलो आणि ऐन हंगामातले तीन आठवडे घालवले. तुमचे जाऊ नयेत म्हणून तपशिलात लिहितो. तुमचा माल संत्र्याच्या कलमा नसून वायगावची हळद असो, भिवापूरची मिरची असो की ताडोब्याच्या वाटेवरचं होमस्टे, तपासायचा क्रम तोच राहतो.

"दिसत नाही" म्हणजे नेमकं काय?

काकाजींना पहिल्यांदा मी विचारलं, काय टाकून पाहिलं? "आपल्या पन्हेरीचं नाव." कुठून? "घरून, माह्या फोनवर." म्हणजे ज्याला दुकान माहीत आहे त्यानेच दुकानाचं नाव टाकून दुकान शोधलं. गूगल शोधणाऱ्याचं ठिकाण पाहून उत्तर बदलतं, थोडाफार त्याचा आधीचा शोधही पाहतं. त्यामुळे काकाजींना दिसलं म्हणून जालन्याच्या शेतकऱ्याला दिसेलच असं नाही, आणि उलटही नाही. शिवाय जालन्याचा माणूस पन्हेरीचं नाव टाकणारच नाही. तो "संत्रा कलम" टाकेल. राजस्थानात झालावाडकडे नागपुरी संत्र्याच्या मोठ्या बागा आहेत. तिकडचा माणूस "नागपुरी संतरा का पौधा" टाकेल, आणि पुष्कळदा तेही इंग्रजी अक्षरांत.

म्हणून आधी हे ठरवायचं: आपलं पान गूगलच्या यादीतच नाही, की यादीत आहे पण लोकांच्या शब्दाला वर येत नाही, की वर येतं पण कोणी दाबत नाही. या तीन वेगळ्या दुखण्यांना "दिसत नाही" हे एकच नाव आहे. मी हे समजावत होतो तर काकाजीच म्हणाले, "झाड पिवळं पडलं म्हंजे पाणी साचलं, का डिंक्या लागला, का लोह कमी पडलं, हे बुडाजवळची माती उकरल्याबिगर समजते का? फवारेवाला मात्र आधी हजर." त्यानंतर मला फार समजवावं लागलं नाही.

उकरायला पहिलं हत्यार फुकट आहे. गूगलच्या खिडकीत इंग्रजीत "साइट" (site) हा शब्द लिहा, त्याला लागून दोन टिंबांचं चिन्ह, आणि मध्ये जागा न सोडता आपल्या वेबसाईटचा पत्ता. गूगलकडे त्या साइटची कोणती पानं आहेत ते दिसतं. आकड्यावर विसंबू नका, तो ढोबळ असतो. एकही पान न येणं, मोजकीच येणं, किंवा भलतीच येणं, एवढंच पाहायचं.

दुसरं हत्यार गूगल सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गूगलला कशी दिसते ते मालकाला दाखवणारं साधन. हेही फुकट. इथे मालकी सिद्ध करावी लागते आणि त्याचे दोन-तीन मार्ग आहेत. माझा आग्रह एकाच मार्गाचा: डोमेनच्या, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या, डीएनएस नावाच्या नोंदवहीत टीएक्सटी (मजकुराची) नोंद टाकून करा. साइटच्या आत कोड चिकटवून केलेली पडताळणी साइट बदलली की जाते. डीएनएसवाली टिकते, आणि पत्त्याच्या सगळ्या रूपांना एकदम लागू होते. दुसऱ्या वर्षी आम्हाला याचाच आधार मिळाला.

पहिलं वर्ष: जाहिरात संपली, त्याला गायब म्हटलं

पहिल्या वर्षी साइट शाबूत होती, सगळी पानं यादीत होती. मग काय गेलं? काकाजींनी मागच्या हंगामात बाहेरच्या एका एजन्सीला पैसे दिले होते, "पहिल्या नंबरवर आणून देतो" या बोलीवर. आणलंही होतं. फक्त ती जाहिरात होती. निकालावर बारीक अक्षरांत "स्पॉन्सर्ड" किंवा "प्रायोजित" लिहिलेलं असतं, ते उन्हात मोबाईल धरून कोण वाचतो? पैसे संपले, जाहिरात थांबली, आणि साइट मुळात जिथे होती तिथेच, म्हणजे चौथ्या-पाचव्या पानावर, दिसू लागली.

जाहिरात देणं वाईट नाही. पन्हेरीसारख्या दोन महिन्यांच्या धंद्याला ती परवडूही शकते. पण जाहिरातीचे पैसे भरल्याने खालचे फुकटचे निकाल वर सरकत नाहीत, हे गूगलनेच स्पष्ट सांगितलेलं आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हेही. हमी देणाऱ्याला एवढाच प्रश्न विचारा: जाहिरात बंद केल्यावर काय उरेल? उत्तर देताना तो "डिजिटल प्रेझेन्स" वगैरे म्हणू लागला तर त्याला चहा पाजून रवाना करा.

दुसरं वर्ष: नवी साइट, जुनी चूक

दुसऱ्या वर्षी फोन आला तेव्हा मी ऐटीत सांगितलं, जाहिरात बंद असेल, आणि साइट नवी केली आहे तर थोडं थांबा, गूगलला वेळ लागतो. तीन आठवडे आम्ही थांबलो. मग एका रात्री लाइट गेलेली, दुकानात करायला काही नव्हतं, म्हणून मोबाईलवर ते दोन टिंबांचं हत्यार चालवून पाहिलं. एकही पान नाही.

झालं असं होतं. हिवाळ्यात काकाजींच्या पुतण्याच्या मित्राने साइट वर्डप्रेस या साइट बांधायच्या साधनावर नव्याने बांधली. पोरगं हुशार, साइट देखणी. बांधकाम चालू असताना अर्धवट पानं गूगलवर जाऊ नयेत म्हणून त्याने सेटिंग्जमधल्या "रीडिंग" पानावर सर्च इंजिनांना दूर ठेवणारी एक चौकट असते, तिच्यात खूण केली. ते बरोबरच होतं. काम झाल्यावर खूण काढायची राहिली. त्या एका चौकटीमुळे प्रत्येक पानात "नोइंडेक्स" ही सूचना जाते आणि गूगल ते पान यादीतून काढून टाकतं. सर्च कन्सोलच्या वरच्या पट्टीत पानाचा पत्ता टाकला असता तर तिने पहिल्याच दिवशी हे कारण लिहून दिलं असतं. मी टाकला नाही. हे तीन आठवडे माझ्या खात्यावर.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. "रोबोट्स" (robots.txt) नावाची साध्या मजकुराची एक फाईल असते. ती गूगलला सांगते की अमुक पानं वाचू नकोस. "नोइंडेक्स" सांगतं की वाच, पण यादीत घेऊ नकोस. दोन्ही एकदम लावले तर गूगल पान वाचतच नाही, मग आत "नोइंडेक्स" लिहिलंय हे त्याला कळणार कसं? असं पान नुसत्या पत्त्यानिशी यादीत लटकत राहू शकतं. आणि नको तिथे "रोबोट्स" फाईलने दार लावलं असेल तर चांगलं पानही न वाचताच राहतं. फाईल पाहायला पासवर्ड लागत नाही. साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन फाईलचं नाव टाकलं की ब्राउझरमध्ये उघडते.

खूण काढली, सर्च कन्सोलमधून मुख्य पान तपासायची विनंती टाकली. ही विनंती एकदा पुरते, रोज दाबल्याने काम लवकर होत नाही. काही दिवसांत मुख्य पान आलं. पण "संत्रा कलम" या शब्दाला जे जुनं पान थोडंफार वर यायचं ते आलंच नाही. कारण ते पानच उरलं नव्हतं. नव्या साइटमध्ये सगळ्या पानांचे पत्ते बदलले होते, आणि जुन्या पत्त्यावर गेलं की ४०४, पान सापडलं नाही.

माझ्या मते विदर्भातल्या छोट्या धंद्यांच्या साइट वारंवार बुडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, हॅकिंगपेक्षाही मोठं. दर दोन वर्षांनी नवा पोरगा येतो, जुनी साइट "आउटडेटेड" म्हणतो, पाडून नवी बांधतो. जुन्या पानांना जी चार ठिकाणांहून दिलेली लिंक असते, व्हॉट्सअॅपवर फिरलेली असते, लोकांनी जपून ठेवलेली असते, ती सगळी पुण्याई एका दिवसात जाते. कलम लावून चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरायच्या आत उपटायची आणि दुसरी लावायची, असा हा हिशेब.

उपाय सोपा आहे, किचकट मात्र आहे. जुन्या प्रत्येक कामाच्या पत्त्यावरून नव्या जागी कायमचं वळण द्यायचं. त्याला ३०१ म्हणतात. जुने पत्ते आणायचे कुठून? सर्च कन्सोल मागच्या १६ महिन्यांची कामगिरी दाखवतं, त्यात पानांची यादी असते. ती उतरवून घेतली. उरलेले इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, जिथे साइटच्या जुन्या प्रती जपलेल्या असतात, जुनी साइट उघडून मिळाले. जुन्या संत्र्याच्या पानाचं वळण नव्या संत्र्याच्या पानाकडे, लिंबाचं लिंबाकडे. आळस करून सगळी जुनी पानं मुख्य पानाकडे वळवली तर गूगल त्यांना सापडलं नाही असंच धरतं, म्हणजे मेहनत फुकट. आणि वळण किमान वर्षभर तरी ठेवा. मी तर काढतच नाही.

त्याच वर्षी आणखी एक भानगड निघाली. डोमेन पुतण्याच्या मित्राच्या मेलवर घेतलेलं, आणि पोरगं नोकरीला पुण्याला गेलेलं. नूतनीकरणाचा ओटीपी त्याच्या बंद पडलेल्या नंबरवर. सुदैवाने पोरगं भलं, मेल चालू होता. डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मेलवर आणि स्वतःच्या नंबरवर घ्या. सातबारा दुसऱ्याच्या नावाने ठेवतो का कोणी?

तिसरं वर्ष: जपानी पाहुणे

तिसऱ्या वर्षी मी शहाणा झालो होतो. फोन आल्या आल्या हत्यार चालवलं. पानंच पानं आली, आणि सगळी जपानी. पन्हेरीच्या पत्त्याखाली जपानी लिपीत कसल्या कसल्या वस्तूंची दुकानं. काकाजी मागे उभे. म्हणाले, "हे कोनतं संत्रं आहे बावा?"

हा जुना आणि जगभर माहीत असलेला हल्ला आहे. साइटमध्ये घुसून हजारो खोटी पानं तयार करतात, म्हणजे तुमच्या डोमेनच्या आडून त्यांचा माल गूगलवर चढतो. गंमत अशी की मालकाने साइट उघडली तर सगळं ठाकठीक दिसतं. खोटी पानं फक्त गूगलच्या यंत्राला दाखवली जातात. म्हणून "माझ्याकडे तर बरोबर उघडते" हा पुरावा नाही. सर्च कन्सोलमध्ये पत्ता टाकून "लाइव्ह टेस्ट" करायची आणि गूगलला काय दिसलं ते पाहायचं.

घुसले कुठून? पुतण्याच्या मित्राने एक महागडी थीम, म्हणजे साइटचा तयार साज, कुठून तरी फुकटात उतरवून घातली होती. फुकट वाटलेल्या चोरीच्या थीममध्ये मागचं दार बहुधा आधीच उघडं असतं. थीम काढली, सगळे पासवर्ड बदलले, प्लगइन (साइटला जोडलेली उपसाधनं) अद्ययावत केले, खोट्या फाईली पुसल्या. पंधरा दिवसांनी जपानी परत हजर.

पहिल्या साफसफाईत आमच्या दोन गोष्टी सुटल्या होत्या. फोटो ठेवायच्या फोल्डरात एक कोडची फाईल दडून बसली होती. तिथे कोडचं काही कामच नसतं, त्यामुळे तिथे कोडची फाईल दिसली की ती संशयितच. दुसरी गोष्ट सर्च कन्सोलमध्ये होती. वापरणाऱ्यांच्या यादीत आमच्याशिवाय एक अनोळखी मेल मालक म्हणून बसलेला. घुसणारे साइटवर पडताळणीची फाईल ठेवून स्वतःला मालक करून घेतात. त्याचं नाव काढायचं, आणि त्याची फाईलही पुसायची, नाहीतर तो परत मालक होतो. वर्डप्रेसच्या वापरकर्त्यांमध्येही अनोळखी अॅडमिन आहे का पाहा. एवढं झाल्यावरच सर्च कन्सोलच्या सुरक्षा विभागातून पुन्हा तपासणीची विनंती करा.

मध्ये एका हितचिंतकाने सल्ला दिला, जपानी पानांना "रोबोट्स" फाईलने दार लावून टाका. असं केलं असतं तर घाण नुसती झाकली गेली असती. ती पानं आता नाहीत, हे गूगलला तिथे जाऊन ४०४ पाहिल्याशिवाय कळत नाही. जाऊ द्यायचं त्याला. हळूहळू पानं गळतात. आमची सगळी गळायला पावसाळा संपला.

पण खरी मेख पुढे होती. जपानी पानं अजून गळतच होती, आणि ऑगस्टात आमची साइटच यादीतून गेली. एकूण एक पान. हल्ल्याला घाबरून होस्टिंगवाल्याकडच्या (ज्याच्या यंत्रावर साइट ठेवलेली असते त्याच्याकडच्या) कोणीतरी, की आमच्यापैकीच कोणी, यावर आजही एकमत नाही, सुरक्षेच्या प्लगइनमध्ये "भारताबाहेरून येणारे सगळे बंद" ही कळ दाबली होती. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. आपलं गिऱ्हाईक सगळं भारतातलं, परदेशी माणसाचं काम काय? पण गूगलचं वाचणारं यंत्र मुख्यत्वे अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतं. ते दारावर आलं, ४०३ म्हणजे मनाई असं उत्तर मिळालं, परत गेलं. असं काही दिवस चाललं आणि त्याने आमची पानं यादीतून काढली. लाइव्ह टेस्टमध्ये ४०३ दिसलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. कळ उलटी फिरवली.

यादीत आहे, पण आपल्या शब्दाला येत नाही

आता ज्यांची पानं यादीत आहेत त्यांच्याबद्दल. मराठी साइटवर दोन कारणं इतकी नेहमीची आहेत की मी आता आधी तीच पाहतो.

एक, मजकूर चित्रात अडकलेला. फ्लेक्सवाल्याकडून बॅनर करून घेतला, दिसायला झकास, तोच उचलून साइटवर टाकला. पन्हेरीचं नाव, जंबेरी खुंट, रंगपूर खुंट (खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते झाड), फोन नंबर, सगळं त्या चित्रात. माणसाला वाचता येतं. चित्रातल्या अशा मजकुरावर गूगलने पान वर आणावं ही अपेक्षा मात्र सोडा. जे शब्द महत्त्वाचे ते साध्या अक्षरांत पानावर लिहा आणि चित्राला पर्यायी मजकूर द्या.

दोन, जुना फॉन्ट. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, वर देवनागरीचा मुखवटा. गूगल मुखवटा पाहत नाही, आतलं वाचतं. तपासायची युक्ती दोन सेकंदांची: साइटवरचा परिच्छेद कॉपी करा आणि व्हॉट्सअॅपमध्ये चिकटवा. मराठीच राहिला तर युनिकोड, म्हणजे आतूनही खरी मराठी अक्षरं, आहे. अक्षरांची खिचडी झाली तर जालन्याचा शेतकरी मराठीत काहीही टाको, तुमचं पान त्याला जुळणार नाही. फॉन्ट बदलणारी साधनं मिळतात, पण बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला. एका कृषी केंद्राच्या साइटवर "सेंद्रिय"चं काय झालं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग शब्दांचा प्रश्न. आपण कलमा म्हणतो, पन्हेरी म्हणतो. सरकारी कागदात कलमे आणि रोपवाटिका. मराठवाड्यात रोपं आणि नर्सरी. पानावर यातला एकच शब्द दहादा कोंबू नका. बोलता बोलता जसे येतील तसे सगळे येऊ द्या. "आमच्या नर्सरीत जंबेरी खुंटावर डोळा बांधलेल्या संत्र्याच्या कलमा मिळतात, लागवडीला तयार रोपं मृगापासून देतो" या एका वाक्यात पाच शोध बसतात आणि वाचणाऱ्याला ते खटकतही नाही. लोक खरोखर काय टाकतात ते सर्च कन्सोलच्या कामगिरीच्या पानावर दिसतं. काकाजींच्या यादीत "६ बाय ६ मीटरवर हेक्टरी किती झाडं" असाही शोध होता. उत्तर २७७. ते उत्तर आणि खड्डा कसा घ्यायचा, पाणी साचू नये म्हणून काय करायचं, हे काकाजींच्या तोंडून ऐकून एक पान लिहिलं. आज सगळ्यात जास्त लोक त्याच पानावरून आत येतात.

पानाचं शीर्षक पाहा. ब्राउझरच्या टॅबवर "होम" किंवा "वेलकम" असेल तर निकालातही बहुतेक तसलंच काहीतरी येणार, आणि दिसूनही कोणी दाबणार नाही. "संत्रा कलम व लिंबू रोपे, शेंदुरजनाघाट, ता. वरुड" असं थेट लिहा. "मेटा कीवर्ड" (पानाच्या कोडात लपवलेली शब्दांची यादी) भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. गूगलने २००९ मध्येच सांगितलं की शोधात ते वापरत नाही. तसंच वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड अशी प्रत्येक गावाच्या नावाने एकाच मजकुराची पानं छापायचा सल्ला कोणी देईल. गूगलच्या नियमात ती फसवणुकीत मोडतात.

वेगाबद्दल थोडक्यात. गूगल आता मोबाईलवरची साइट पाहूनच ठरवतं, आणि ५ जुलै २०२४ नंतर मोबाईलवर अजिबात न उघडणारी साइट यादीतच घेत नाही. मोबाईलमधून काढलेले चार-पाच एमबीचे फोटो तसेच चढवू नका, लहान करून चढवा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा असं गूगलचं माप आहे. धुऱ्यावर उभं राहून, नेटवर्कची एक काडी असताना स्वतः उघडून पाहा, म्हणजे मापाची गरज पडणार नाही. पण यादीतून गेलेलं पान वेग वाढवून परत येत नाही, एवढं ध्यानात ठेवा. एजन्सीवाले आधी वेगच विकतात.

नकाशावरचं दुकान

जवळपासचं गिऱ्हाईक साइटवर जातच नाही, नकाशावर जातं. तिथे गूगल बिझनेस प्रोफाइल लागतं, जे २०२१ पर्यंत गूगल माय बिझनेस होतं. या प्रोफाइलमधूनच तयार होणारी एक फुकट वेबसाईट असायची. ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. "माझी साइट होती, आता काहीच उघडत नाही" म्हणणारे अजून भेटतात. त्यांची साइट हरवलेली नाही, ती उरलीच नाही.

जवळच्या शोधात गूगल तीन गोष्टी पाहतं: शोधाशी मेळ, अंतर आणि नाव किती ऐकलेलं आहे. अंतर आपल्या हातात नाही, पण खूण बरोबर जागी लावणं आहे. काकाजींची खूण वरुडच्या बसस्टँडवर होती, कारण खेड्यात घर क्रमांक नाही म्हणून कोणीतरी जवळचं ठिकाण दिलं. आम्ही पन्हेरीच्या फाटकावर उभं राहून प्लस कोड (गूगल नकाशावर नेमकी जागा सांगणारा छोटा कोड) घेतला आणि खूण तिथे नेली. प्रोफाइलच्या नावात "बेस्ट संत्रा कलम नर्सरी वरुड अमरावती" असं काही कोंबू नका. फलकावर आहे तेवढंच नाव. कोंबलेल्या नावामुळे प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, आणि ते परत मिळवताना व्हिडिओ काढून जागा दाखवावी लागू शकते.

आता माझ्या दुकानात एक साधी वही आहे. प्रत्येक साइटचं डोमेन कधी संपतं, कोणाच्या मेलवर आहे, होस्टिंग कुठे, शेवटचा बॅकअप कधी. वर्षातून दोनदा, आंबिया आणि मृग बहाराच्या तोंडावर, मी दोन टिंबांचं हत्यार प्रत्येक साइटवर चालवतो. सुरक्षा प्रमाणपत्रही तेव्हाच पाहतो. फुकटचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, आपोआप नवं व्हायचं कधी कधी अडतं आणि लोकांना लाल पाटी दिसते.

यंदा रोहिणी लागायच्या आधीच सगळं तपासून ठेवलं. तरी फोन आलाच. "भाऊ, आता दिसून राहिली. जालन्याच्या पाहुण्यानं सोताहून सांगतलं. पण म्हने फोन लागून नाई राहिला." साइट उघडली. खाली साध्या अक्षरांत लिहिलेला नंबर बरोबर होता. वरच्या फ्लेक्सच्या चित्रात, मोठ्या पिवळ्या अक्षरांत, काकाजींचा चार वर्षांपूर्वीचा नंबर.